मागची डावी सीट

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. वाचतो आणि प्रत्येकाला मनातल्या मनात काहीतरी कारण लावून मोकळा होतो — वायरिंग, उंदीर, रक्तदाब. स्वतः आजवर एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण या एका गोष्टीला मला कारण लावता आलेलं नाही... आणि काहीतरी कबूलही करायचं आहे.

मी उज्जैनचा, माधव नगरात राहतो. वय त्रेपन्न. घरात आई, बायको सुनीता, आणि बाबांची जुनी फियाट. बाबा गेल्या मे महिन्यात गेले. हार्ट — असं सगळे समजतात. आईला मी सांगितलं होतं की ते टावर चौकात गाडीत बसले होते, काचा खाली होत्या, मी दाराशीच उभा होतो आणि त्यांनी अचानक मान टाकली.

खरं असं आहे. मी त्यांना मागच्या डाव्या सीटवर बसवलं, काचा चढवल्या, गाडी लॉक केली आणि "पाच मिनिटांत आलो" म्हणून गेलो. दुकानात जुना मित्र भेटला, मग चहा... चाळीस मिनिटं गेली. अर्धांगवायूने बाबांचा डावा हात गेलेला. त्या दाराचं काच उतरवायचं हँडल कधीचं तुटलेलं, नुसता लोखंडी खुंट उरला होता. नवं बसवायचं मी वर्षभर टाळत होतो. परत आलो तेव्हा ते बेशुद्ध होते, सदरा पिळून काढावा इतका ओला. मी आधी बाकीच्या तीन काचा खाली केल्या. मग लोकांना हाक मारली.

हा क्रम मी कोणालाच सांगितला नव्हता. सुनीतालाही नाही.

डिसेंबरात मी गाडी एसी लावायला दिली. जुन्या इंजिनाला कंप्रेसर ओढवला नसता, म्हणून मिस्त्रीने आधी एका अलीकडच्या छोट्या गाडीचं इंजिन बसवलं. मग कंप्रेसर टांगायला लेथवर पट्टी बनवून घेतली, रेडिएटरपुढे जाळी, डॅशबोर्डखाली कूलिंगचा डबा. त्या दाराला नवं हँडलही लावायला सांगितलं. सुनीता म्हणाली, "बाबा होते तेव्हा एक पंखा नाही लावलात. आता कोणाला गार करताय?"

"आईसाठी," मी म्हणालो.

जानेवारीत एके दिवशी सकाळी मिस्त्रीने बोलावून घेतलं. त्याने एसीच्या तोंडाशी थर्मामीटर लावला होता. सहा डिग्री. "कूलिंग टनाटन है भिया. अब जरा पीछे की बाईं सीट छू के देखो."

मी हात लावला आणि मागे घेतला. उन्हात ठेवलेल्या पत्र्यासारखी तापली होती.

"सायलेन्सरची नळी?" मी विचारलं.

"वो तो दाहिनी तरफ से जाती है. मैंने फिर भी सीट के नीचे गर्मी रोकने को मोटा नमदा बिछाया. और भिया, इंजन तो कल शाम से बंद था, मैंने अभी चालू किया. काँच चढ़ाओ तो गरम, उतारो तो ठंडी. ऐसा मैंने देखा नहीं." मग त्याने हात पुसत माझ्याकडे पाहिलं. "यहाँ बैठता कौन था?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

गाडी घरी आणली. दुपारी सुनीता झोपली होती. मी फाटकाच्या आत उभ्या गाडीत गेलो, त्याच सीटवर बसलो आणि काचा चढवल्या. कारण शोधायचंच होतं. दोन मिनिटांत पाठ घामाने चिकटली. श्वास पुरेना. आणि डावीकडून आवाज यायला लागला — कट्... कट्... लोखंडावर नख घासल्यासारखा. मी पाहिलं. नवं हँडल होतं तसंच होतं, हललंही नव्हतं. आवाज मात्र तिथूनच येत होता. थांबायचा, पुन्हा यायचा. कोणीतरी चाचपत होतं.

मी बाहेर कसा पडलो आठवत नाही. आठ दिवस गाडीवर कापड टाकून ठेवलं.

अमावास्येला आईला भैरवगढला, सिद्धवटावर बाबांच्या नावाने दूध वाहायला जायचं होतं. मी म्हटलं रिक्षा करू. "घरात गाडी असताना?" ती म्हणाली आणि जाऊन मागे डावीकडेच बसली. पुढे ये म्हटलं तर म्हणाली, "ही यांची जागा आहे, अवि. मी इथेच बसणार."

मी एसी लावला नाही. चारही काचा उतरवल्या. गावाबाहेर पडल्यावर आरशात पाहिलं तर तिच्या बाजूची काच वर होती. "आई, काच का चढवलीस?"

"मी हात नाही लावला," ती म्हणाली. तिने शाल काढून ठेवली होती. कपाळावरून घाम वाहत होता. काच आतून धुरकट झाली होती, आणि त्या वाफेवर खालून वर ओढलेल्या चार बोटांच्या रेघा उमटत होत्या. आईचे दोन्ही हात मांडीवर होते.

मी गाडी कडेला घेतली. शेजारी दोरीवर छापलेल्या चादरी वाळत होत्या. मी आईला बाहेर काढलं आणि तिथेच, धुळीत उभं राहून, सगळं सांगितलं. चहासकट. हँडलसकट.

तिने पदराने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "काचा खाली होत्या म्हणाला होतास."

"मी नंतर केल्या."

"किती वेळ म्हणालास?"

"चाळीस मिनिटं."

ती परत आत जाऊन बसली. दार ओढलं. एकेक करून सगळ्या काचा तिनेच चढवल्या, शेवटच्या फटीतून म्हणाली, "तू बाहेर थांब. मी सांगेन तेव्हाच उघड."

मी दाराचं हँडल धरून उभा राहिलो. काच पुन्हा धुरकट झाली. आतून तिचा आवाज यायचा, शब्द कळत नव्हते. मध्येच ती थांबायची. कोणी बोलत असताना आपण थांबतो तशी. मग मान हलवायची, पुन्हा बोलायची. किती वेळा वाटलं दार उघडावं, पण हँडल ओढलं नाही. मला आजवर इतकी भीती कशाचीच वाटलेली नाही.

तिने काचेवर टिचकी मारली तेव्हा मी घड्याळ पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. ती नखशिखांत घामाने भिजली होती, जानेवारीच्या त्या वाऱ्यात. "चल," एवढंच म्हणाली आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसली.

त्या दिवसापासून ती सीट गार असते. मिस्त्री म्हणतो, नमदा नीट बसला असेल. असेल. चढलेली काच, त्या रेघा, तो आवाज — यांचं काय, ते त्याला सांगता येत नाही, मलाही नाही.

आई माझ्याशी नेहमीसारखी बोलते. जेवायला वाढते. आत कोणाशी बोलत होतीस, असं मी विचारलेलं नाही. पण कधीकधी ताट वाढताना ती हात थांबवून माझ्याकडे पाहते, काहीतरी निरोप द्यायचा असल्यासारखी... आणि मी उठून पाणी आणायला जातो.