बंबाचं धुराडं

इथे मस्कतच्या अझैबात थंडी पडली की शेजारचे ओमानी काका अंगणात लाकडं पेटवतात. काल संध्याकाळी तो धूर खिडकीतून आत आला आणि मला एका जागी बसवेना. गॅस बघितला, गीझरचं बटण बघितलं. मग लक्षात आलं, हा तर वसईतल्या आमच्या बंबाचा वास.

नोकरीसाठी मी पहिल्यांदा मस्कतला निघाले, तो सोमवार होता. परसात बंब नुसता धुमसत होता आणि दारात टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता.

"पप्पा, मी गार पाण्यानेच करते अंघोळ."

"थांब गं बाय. धुराडं चोंदलंय, दुसरं काही नाही."

काठीला चिंधी गुंडाळून ते धुराड्यात खालीवर करत राहिले. मी चरफडत येरझाऱ्या घालत होते. पाणी तापलं तशी चार तांबे अंगावर ओतून पळाले.

काल खिडकी लावली, पुन्हा उघडली. पडवीत सुकी लाकडं रचलेली असताना पप्पांनी बंबात ओला ओंडका कशाला घातला होता? आणि धुराडं तर त्यांनी आदल्याच दिवशी, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर, साफ केलं होतं. काजळीने माखलेल्या त्यांच्या हातांवर पाणी मीच ओतलं होतं.