गव्हाच्या डब्यातला पंप आणि माझी घोषणा

आंबिवलीला ताईच्या घरी पंप गव्हाच्या डब्यात असायचा. पाण्याचा नव्हे, माझ्या आठ वर्षांच्या भाचीचा, दम्याचा. डॉक्टरांनी दोन दिलेले. निळा, श्वास अडकला की घ्यायचा. तपकिरी, स्टिरॉइडचा, रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. दोन्ही डब्यात, कारण शेजारीण बघेल आणि पोरगी पंपावर आहे हे सगळ्या चाळीला कळेल. पंपावर. जशी काही दारूवर आहे.

त्या घरात सल्ला द्यायला काहीच शिकावं लागत नाही. ताईच्या सासूबाईंचं एकच, की पंपाची सवय लागते. भावोजी जिममधल्या मित्राकडून ऐकून आलेले, की स्टिरॉइडने माणूस आधी फुगतो, मग आतून पोकळ होतो. दंड फुगवायला सुईने टोचतात ते आणि पोरीच्या छातीत फवारा जातो ते, दोन्हींचं नाव एक, एवढ्यावर यांचा निकाल लागलेला. खोकल्याच्या बाटल्या मात्र चिठ्ठीशिवाय आणून चमच्यांनी पाजायचे. त्याची सवय लागत नसावी. गोड असतं ना.

मी हे सगळं तुच्छतेने बघायचे. मी शहाणी. कचरा जाळण्याविरुद्ध आमचा गट काम करायचा, त्याची पत्रकं मी लिहायचे आणि विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर वाटायचे.

गेल्या हिवाळ्यात शाळेत खो-खोच्या सरावाला भाची खाली बसली ती उठेना. बाईंनी ताईला फोन केला, ताईने मला. ताईने घरून नेलेल्या निळ्या पंपाने श्वास मोकळा झाला, पण शाळेत पोचल्यावर पोरीच्या ओठांचा रंग बघून मी हादरलेले. घरी येऊन मी तपकिरी पंप डब्यातून काढला, गहू झटकले. पंपाच्या मागच्या बाजूला उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो. तो जवळजवळ नव्या पंपाचाच होता. म्हणजे रोजचं औषध बंद, आणि निळ्यावर दिवस ढकलणं चालू. मी नको नको ते बोलले. अडाणी म्हणाले, बुरसटलेले म्हणाले. ताई खाली बसून सांडलेले गहू वेचत राहिली. मला तेव्हा वाटलं, लाज वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला डॉक्टरीण बाईंकडे गेलो. ताईने उंचीचं विचारलं. पोरगी खुजी राहील का? बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, थोडा फरक पडू शकतो, म्हणूनच दर वेळी उंची मोजते. फवारा मारल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. डोस कमी करायचा तर मी करीन, तुम्ही नाही. आणि श्वासच पुरला नाही, तर वाढणार कशी?

मग ताईने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. यात तर असं लिहिलंय, म्हणाली.

माझं पत्रक. वर मोठ्या अक्षरात माझी ओळ: ‘लेकरांना स्टिरॉइड नको, स्वच्छ हवा द्या!’

बाईंनी चष्मा वर केला. “हे कुणी लिहिलं?”

मी वजनकाट्याकडे बघत होते.

“मावशीने,” भाची म्हणाली. “माझ्याकडून पाठपण करून घेतलेलं. मोर्च्यासाठी.”

मला म्हणायचं होतं धुराबद्दल. पण लिहिलं होतं औषधाबद्दल, कारण ते कानाला बरं लागत होतं. सासूबाईंना निदान मोर्चा काढायची हौस नव्हती.

गटात सांगितलं की ओळ काढा. एक कार्यकर्ता म्हणाला, “अगं, ठेका मस्त आहे, राहू दे ना.” ठेका! उरलेला गठ्ठा मी घरी आणला आणि एकेका पत्रकावरची ओळ पेनने खोडत बसले. तरी वाटून झालेली किती घरांत, किती पर्सांत आहेत, कुणास ठाऊक.

तपकिरी पंप आता ब्रशच्या ग्लासात उभा असतो. दाराच्या चौकटीवर ताई दर महिन्याला पेन्सिलीने भाचीच्या उंचीची खूण करते. तिची काळजी गेलेली नाही, आणि मी ती घालवायला जात नाही. परवा गेलेले, तर चपला काढायच्या आत तिने पंप माझ्या हातात दिला.

“आकडा वाच,” म्हणाली. “तू लिहिलेलं मी वाचलेलं ना?”

मी वाचला. पोरीचा एकही फवारा चुकलेला नव्हता.