नकाशाचं रोड लर्निंग

रविवार, १७ नोव्हेंबर. सकाळी सव्वादहा. हजर: बाबा, मी, माझी मुलगी. गैरहजर: माझे यजमान, ग्वाल्हेरला ड्युटीवर, फोनवर होते, पण त्यांचं मत कुणी विचारलं नाही. विषय: गाडीत रस्ता दाखवणारा स्क्रीन बसवणे.

माझ्या वहीत ही नोंद अशीच आहे. का बसवायचा, ते मात्र तिथे लिहिलेलं नाही, कारण वही टेबलावर उघडी असते आणि बाबा ती वाचतात.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. नोकरीचा बराच काळ झाशीहून निघणाऱ्या गाड्या त्यांनी चालवल्या. निवृत्तीनंतर त्यांचं चालवणं उरलं ते आमच्या छोट्या गाडीपुरतं, आणि त्यातही महिन्यातल्या एका फेरीपुरतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गरौठ्याच्या पुढे एका गावात जात. इंजिनावर त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं बसलेले त्यांचे असिस्टंट तिथे राहतात. काकांचे गुडघे गेले आहेत, ते घराबाहेर पडत नाहीत. म्हणून बाबा जात. एकटे जात, सकाळी सातला निघत आणि दोनच्या आत घरी येत.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता काकांचा फोन आला, "बिन्नू, साब निकरे नइयां का?" मुली, साहेब निघाले नाहीत का? बाबा सातलाच निघाले होते. मी तसं सांगितलं आणि मग घड्याळाकडे बघत बसले. बाबा साडेपाचला घरी आले. म्हणाले, "रस्त्याचं काम चालू होतं." चहा घेतला आणि किल्ली खुंटीला लावली. नंतर मी काकांना फोन केला. बाबा तिथे दीड वाजता पोचले होते. रस्त्याचं काम कुठेही चालू नव्हतं.

नोव्हेंबरची फेरी मी काहीतरी निमित्त काढून स्वतः गाडी चालवून केली. पण निमित्तं दर महिन्याला पुरत नाहीत. बाबांनी यापुढे एकट्याने जावं की नाही, हे ठरवायला हवं होतं. किल्ली काढून घेण्याआधी एक उपाय करून बघावा, म्हणून हा स्क्रीन.

मुलगी म्हणाली, "आई, फोन में मॅप है तो." ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र अर्ध्यावर हिंदीत. पण बाबांचा फोन बटणांचा आहे आणि मऊरानीपूर सोडलं की माझ्याही फोनचं नेटवर्क जातं-येतं. मी वहीत अटी लिहिल्या. नकाशा मशीनच्या आतच साठवलेला हवा. अक्षरं बाबांच्या चष्म्यातून, उन्हात, हात लांब ठेवून वाचता यायला हवीत. आवाज कमी-जास्त करायला खरं गोल बटण हवं.

दतिया गेटाजवळच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदाराने सर्वांत मोठा स्क्रीन लावून त्यावर गाणं सुरू केलं. मी वही उघडून पहिला प्रश्न विचारला.

"मॅडम जी, लोग तो बस साइज़ पूछते हैं. आप तो पेपर सेट करके लाई हैं," तो म्हणाला.

"अभी दूसरा पन्ना बाकी है भैया," मुलीने त्याला सांगितलं.

दुसऱ्या पानाची गरज पडली नाही. बाबांनी स्क्रीनवर बोट टेकवलं, काही झालं नाही. परत टेकवलं. दुकानदाराने टेकवलं तर लगेच नकाशा उघडला. म्हातारपणी बोटं कोरडी पडतात, काचेला ती कळत नाहीत, हे माझ्या यादीत नव्हतं.

"ही मला ओळखत नाही," बाबा म्हणाले.

मग आम्ही यादीबाहेरची ती अट लावून प्रत्येक स्क्रीन बाबांच्या बोटाने तपासला. चौथा त्यांचं ऐकत होता. तो आकाराने लहान होता, त्याला गोल बटण होतं, आणि नकाशा नवा आला की पेन ड्राइव्हने भरायची सोय होती. तोच बसवून घेतला.

भाषा निवडताना मुलीने मराठीवर बोट दाबलं, गंमत म्हणून. आमच्या घरात सगळं मराठीत चालतं, पण रस्ता मात्र हिंदीत. पत्ता सांगायचा तर "सीधे जाके बाएं" असंच तोंडात येतं. त्यामुळे दुकानाबाहेर पडताच डॅशबोर्डमधून एका बाईने "उजवीकडे वळा" म्हटलं तेव्हा बाबांनी दचकून मागे पाहिलं.

"कोण आलंय?"

"आजोबा, वो मशीन है."

"झाशीत मराठी बोलणारी आणखी एक बाई," बाबा म्हणाले. "राहू दे."

पहिली चाचणी मी गावातल्याच लक्ष्मी तलावापर्यंतची ठेवली. परीक्षा घेणाऱ्याला उत्तर आधी माहीत असावं, एवढाच हेतू. मशीनने आम्हांला महालक्ष्मीच्या देवळापर्यंत नीट नेलं. मी वहीत टिक केली. माझ्या हिशेबाने काम झालं होतं. बाबांच्या हिशेबाने ते सुरूही झालं नव्हतं.

"गावातल्या गावात शंटिंग करून कुणी ड्रायव्हर होत नाही," ते म्हणाले. "हिचं रोड लर्निंग झालंय का?"

मग त्यांनी मुलीला समजावून सांगितलं. नव्या मार्गावर ड्रायव्हरला एकदम गाडी देत नाहीत. आधी माहीतगाराबरोबर फेऱ्या करायच्या, चढ कुठे, उतार कुठे, सिग्नल कुठल्या वळणाआड लपलेला, सगळं बघून घ्यायचं. मग रस्ता समजला अशी सही करायची. सही नाही तर गाडी नाही. आणि बरेच महिने त्या मार्गावर गेला नाहीत तर जुन्या माणसालाही पुन्हा फेऱ्या.

"तीन फेऱ्या," बाबा म्हणाले. "त्यातली एक रात्रीची."

"रात्रीची नाही," मी म्हणाले. रस्त्यावर मोकाट गुरं बसलेली असतात.

"मग धुक्यातली."

धुकं मी मान्य केलं. चालवणार बाबा, शेजारी मी, मागे मुलगी, असंही ठरलं. मशीनची परीक्षा होत होती, त्यामुळे बाबांच्या शेजारी बसायला मला दुसरं निमित्त शोधावं लागलं नाही.

पहिली फेरी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली. बरुआसागर, निवाडी, मऊरानीपूर असं सगळं सुरळीत गेलं. रूळ बराच वेळ सोबतीला होते आणि बाबा प्रत्येक फाटकाची हकीकत सांगत होते. गरौठ्याच्या अलीकडे मशीनमधली बाई म्हणाली, "पुढे उजवीकडे वळा."

"इथून जात नाही," बाबा म्हणाले आणि वळले.

"जात नाही तर वळलात कशाला?"

"परीक्षेत उत्तर सांगायचं नसतं."

कालव्याकाठचा तो रस्ता अरुंद होत गेला आणि एका अंगणात संपला. खाटेवर बसून मटार सोलणाऱ्या बाईने मान वर न करता सांगितलं, "इतै सें गैल नइयां." इथून वाट नाही. तिच्या आवाजावरून आम्ही काही पहिले नव्हतो. बाबांनी म्हशीला वळसा घालून गाडी मागे काढली. इतके खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पुढचा तिठाही त्यांनी मशीनकडे न बघता बरोबर घेतला. काकांच्या घरी पोचल्यावर त्यांनी दारातूनच निकाल जाहीर केला, "फेल!"

परतताना मला वाटलं, ऑक्टोबरमध्ये खरंच काहीतरी वेगळं घडलं असेल. मी उगाच घाबरले.

दुसरी फेरी जानेवारीत. धुकं मागितलं होतं तसं मिळालं. दिवे लावून, काच पुसत, बाबा अगदी सावकाश चालवत होते, आणि चांगलं चालवत होते. त्यांच्या हाताबद्दल मला कधीच शंका नव्हती. गरौठा मागे पडलं. पुढे तो तिठा आला, जिथून काकांच्या गावाला डावीकडे जायचं असतं.

"डावीकडे वळा," बाई म्हणाली.

बाबा उजवीकडे वळले. न थांबता, अगदी खात्रीने.

मला रस्ता माहीत होता. मी बोलले नाही. मागून मुलीने माझ्या खांद्याला हात लावला, तरी बोलले नाही. मला बघायचं होतं, त्यांच्या लक्षात येतं का, आणि किती वेळाने. बाई म्हणाली, "नवा मार्ग शोधत आहे." रस्ता खाली उतरत गेला आणि समोर तळं आलं. बाबांनी ब्रेक लावला.

त्यांनी विचारलं, "हिने काय सांगितलं होतं?"

"डावीकडे."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"परीक्षेत उत्तर सांगायचं नसतं," मी म्हणाले. तोंडातून गेल्यावर कळलं की हे बोलायला नको होतं.

बाबांनी इंजिन बंद केलं. तळ्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

"ऑक्टोबरमध्ये पण मी इथेच आलो होतो," ते म्हणाले. "इथेच उभा होतो. मागे जायचं हे समजत होतं. मागे कुठे, ते आठवेना. मग एक ट्रॅक्टरवाला आला, त्याच्या पाठोपाठ गेलो."

"आजोबा, आपने बताया क्यों नहीं?" मुलीने विचारलं.

"तुझी आई लिहून ठेवते."

मी त्या दिवशी काही लिहिलं नाही. वहीत दुसऱ्या फेरीपुढे फक्त 'धुकं दाट' एवढंच आहे. बाबांनी गाडी वळवली, गोल बटण फिरवून आवाज मोठा केला, आणि पुढचं सगळं बाईच्या सांगण्याप्रमाणे केलं.

तिसऱ्या फेरीला, फेब्रुवारीत, स्वच्छ ऊन होतं. कॉलनीच्या फाटकातून बाहेर पडताच बाई म्हणाली, "पुढे डावीकडे वळा." बाबांनी डावा हात वर केला आणि मोठ्याने म्हणाले, "पुढे डावीकडे."

मुलगी हसायला लागली. मला ते लगेच ओळखू आलं. इंजिनावर सिग्नल दिसला की असिस्टंट तो पुकारतो आणि ड्रायव्हर हात वर करून तेच परत म्हणतो, म्हणजे दोघांनी पाहिलं याची खात्री होते. लहानपणी सायकलवर पुढच्या दांड्यावर बसून मी बाबांना असं पुकारत असे: "होम हरा!", म्हणजे स्टेशनाआधीचा सिग्नल हिरवा, आणि मागून बाबा, "होम हरा!"

झाशीपासून गरौठ्यापर्यंत त्यांनी एकही सूचना परत म्हटल्याशिवाय सोडली नाही. कालव्याचा रस्ता आला तेव्हा "उजवीकडे वळा"ला त्यांनी उत्तर दिलं, "उजवीकडे नाही, तिथे म्हैस आहे," आणि सरळ गेले. तिठ्यावर बाई म्हणाली, "डावीकडे वळा."

बाबा थांबले. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. मी हात मांडीखाली धरून ठेवले होते.

"डावीकडे," ते म्हणाले आणि डावीकडे वळले.

काका ओसरीवर उन्हात बसले होते. मुलीने त्यांना सगळी गोष्ट रंगवून सांगितली. काका म्हणाले, "काए बिन्नू, तो अब साब खों मसीन गैल बता रई? हमाओ काम तो मसीन नें लै लओ."

"पूरा नहीं," बाबा म्हणाले. "बीड़ी नहीं पीती."

"और डांट?"

"डांट भी नहीं खाती. चुपचाप नया रास्ता ढूंढ लेती है."

काका खूप हसले. मग बाबांचा हात धरून विचारलं, "अगले महीना आओगे न साब?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी माझी वही मागून घेतली. नवं पान काढलं, पट्टीने रेघा मारल्या आणि ड्युटीच्या रजिस्टरात लिहीत तशा सरळ अक्षरांत लिहिलं: 'मशीन. झाशी ते गरौठा व पुढे. फेऱ्या तीन. असिस्टंट म्हणून पास. पुकारते चांगली, परंतु ड्रायव्हरने स्वतः पाहणे आवश्यक.' खाली सही केली.

त्याखाली आणखी एक रेघ मारून स्वतःचं नाव लिहिलं. 'ड्रायव्हर. झाशी ते गरौठा व पुढे. रोड लर्निंग दुसऱ्यांदा. फेऱ्या तीन.' आणि पुढे, 'निरीक्षकाची सही', दोन टिंबं, कोरी जागा. वही माझ्याकडे सरकवली.

"ही मी करायची नसते," ते म्हणाले. "तीन फेऱ्या शेजारी बसून तू पाहिल्यास. सही केलीस तर मी आणि ही बाई, दोघं जाऊ. नाही केलीस तर गाडी तू चालव, मी पुकारीन. दोन्हीला माझी हरकत नाही. पण तोंडी सांगू नकोस, लिहून दे."

"बघते," मी म्हणाले.

"बघून झालंय तुझं," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मी ऑफिसात रोज कितीतरी कागदांवर सह्या करते. त्या रात्री पेन हातात घेतलं आणि दोन गोष्टी समोर आल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी तिठ्यावर थांबून दोन्हीकडे पाहिलं, ही एक. मशीन बंद पडली तर तळ्याकाठी त्यांच्या शेजारी कुणी नसेल, ही दुसरी. पेन टोपण लावून परत ठेवलं.

मार्चचा पहिला रविवार परवावर आला आहे. यादी फ्रिजवर लावली आहे. टायरची हवा, झाली. पेन ड्राइव्हने नवा नकाशा, मुलीने भरला; कालव्याचा रस्ता त्यातही तसाच आहे. काकांसाठी गुडघ्यांचं तेल आणि बेसनाचे लाडू, डब्यात. आज सकाळी चहा घेताना बाबांनी यादी वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून आत गेले. ती ओळ 'सही' अशी आहे. तिच्यापुढे टिक नाही.