कूलरवाल्याने केलेला स्केटबोर्ड

वणीच्या बसस्टँडमागे नजीरभाईंची पत्र्याची शेड आहे. बाहेर फायबरच्या कूलरबॉड्यांची चवड, आत फायबर जोडायच्या रेझीनचा डोक्यात चढणारा वास. होळीपासून मृगापर्यंत काम आणि उरलेलं वर्ष माश्या मारणं, असं त्यांचं आयुष्य गेलं. आता उन्हाळ्यातलं कामही आटलं होतं. बाजारात प्लास्टिकचे तयार कूलर आले, हलके, रंगीत, हप्त्यावर मिळणारे. नजीरभाईंची बॉडी जन्मभर टिकते हे गिऱ्हाईक कबूल करायचं आणि प्लास्टिकचा कूलर घेऊन जायचं.

वयही झालं होतं. फायबर घासताना काचेची कुसं अंगात रुततात. तरुणपणी आंघोळ केली की विसरायचे, आता खाज दिवसचे दिवस जात नसे, आणि संध्याकाळी दम लागे. त्यांच्या बायकोचा, रुबीनाबींचा, भाऊ फिरोज चंद्रपूरला नळांच्या सामानाचं दुकान चालवतो. त्याला गल्ल्यावर घरचा माणूस हवा होता.

"करना क्या है वहाँ? पंखे के नीचे कुर्सी पे बैठनाच तो है," रुबीनाबी म्हणत.

"इस उमर में साले का नौकर बनूँ?"

"और यहाँ कौनसे नवाब हो?"

शेवटी ठरलं की हा हिवाळा बघायचा. बारमाही काही काम लागलं तर वणी, नाहीतर शेडला कुलूप आणि चंद्रपूर.

दिवाळीनंतर मैत्रेयी आली. गल्लीतल्या भीमराज मास्तरांची मुलगी, यवतमाळला पॉलिटेक्निक झालेली. ती घरीच विजेवर पळणारे स्केटबोर्ड जुळवायची. चार चाकांची फळी, खाली बॅटरी, हातात रिमोट, आणि माणूस वर उभा. पुण्यातली पोरं तिच्याकडून ते मागवत. मोटर ती नीट बसवायची, फळी मात्र तडकायची.

"चाचा, मले तुमच्या हातची फळी पायजे. अन् खाली बॅटरीचा डबा."

"पडशील न बेटा यावरून."

"पडतेच. तुम्ही डबा तं करा."

ते काम नजीरभाईंना आवडलं. बांबूच्या पातळ पट्ट्या, वर-खाली काचेचं कापड आणि रेझीन असे थर लावून त्यांनी ते दोन लाकडी साच्यांमध्ये धरले, आणि शेजारच्या गॅरेजातून मागून आणलेला ट्रकचा जॅक वरून चढवून दाबले. फळी बाहेर निघाली ती मधे किंचित खोलगट, पाय आपोआप बसेल अशी. मैत्रेयी तिच्यावर उभी राहून उड्या मारत होती आणि फळी तिला झेलत होती.

डबाही सुरेख झाला. फक्त घासून झाल्यावर नजीरभाईंनी कटर घेतला आणि दोन्ही बाजूंना आडव्या फटींच्या ओळी पाडल्या, कूलरला पाडतात तशा. विचार करून नाही. हात तिकडे गेलाच.

मैत्रेयी घुटमळली. "चाचा, हा पुरा बंद पायजे होता न?"

"बॅटरी गरम होते का नाही?"

"होते."

"मंग? गरम चीज कोणी कोंडून ठेवते का? जिंदगी गेली माझी हवा खेळवण्यात."

तिने बॅटरी आत बसवली आणि झाकण लावलं. मोठ्या माणसाला किती वेळा टोकायचं?

चाचणीसाठी ती चंद्रपूर रस्त्यावर गेली. तिथे कोळशाचे ट्रक जातात आणि धूळ बसावी म्हणून टँकर पाणी मारत असतो, त्यामुळे रस्त्यावर चिखलाचा काळा राबडा कायम. थोडं अंतर गेल्यावर बोर्ड अडखळला, खालून धूर निघाला. तिने उडी टाकली. गुडघा सोलवटला, बॅटरी जळाली.

तिने तो बोर्ड शेडमध्ये आणून ठेवला. नजीरभाईंनी स्क्रू काढले. आत, वायरींच्या मधे, तोच काळा राबडा भरला होता. त्यांनी तो बोटाने खरवडून काढला.

"तुले जास्त तं नाही लागलं?"

"नाही. मीबी बोलली नाही न चाचा जोर देऊन."

"तू बोललती. मीच नाही ऐकलं."

रुबीनाबींनी चहा आणला, गुडघा पाहिला, डबा पाहिला. "अब बस करो," एवढंच म्हणाल्या. फिरोजचा फोन त्या दिवशी आला असता तर नजीरभाई हो म्हणाले असते. खरं तर त्यांना तेच बरं वाटलं असतं.

पण ज्याच्यासाठी बोर्ड होता ते पुण्याचं गिऱ्हाईक वाट पाहत होतं, आणि पोरीचं नुकसान त्यांच्या हातून झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हवा नाही, तं गरमी जाते कुठून?"

"बुडाले ॲल्युमिनियमची प्लेट लावू. ते चटका बाहेर फेकते."

दुसऱ्या डब्याला रबराचं पॅकिंग आणि थोड्या थोड्या अंतरावर बोल्ट. तो कोरा, बंद, गुळगुळीत डबा पाहून नजीरभाईंचा जीव गुदमरे. कूलरची टाकी तपासायची म्हणजे आत पाणी भरून बाहेर कुठे झिरपतं ते पाहायचं, ही त्यांची रीत. आता त्यांनी टाकी भरली, बॅटरी न लावलेल्या डब्यात जुना पेपर घातला, झाकण आवळलं आणि वर दगड ठेवून तो बुडवला. दुपारची जोहरची नमाज पढून आले आणि उघडला. पेपर कोरडा होता. मैत्रेयीने तो गालाला लावून पाहिला.

बोर्ड पुण्याला गेला. पंधरवड्याने ती धावतच आली. गिऱ्हाईक खूश होतं, त्याच्या मित्रांनाही बोर्ड हवे होते, आणि बंगळूरहून कोणीतरी नुसत्या फळ्या आणि डबे मागत होतं.

"वर्षभर पुरते एवढं काम, चाचा! कराल न?"

नजीरभाईंनी होकाराची मान डोलावली. एवढ्या फळ्या म्हणजे तेवढंच घासणं, तेवढाच दम. हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

"घासायले मी येईन," तीच म्हणाली.

"मास्क लावून ये. नाही तं माझ्यावानी खोकत बसशील."

रुबीनाबींनी भावाला फोन लावून नजीरभाईंच्या हातात दिला. काय ठरलं ते ऐकून फिरोज म्हणाला, "ठीक है दूल्हेभाई. फिर मैं दूसरा आदमी बिठा देता हूँ. पक्का न?"

तिकडे दुकानातला पंखा फिरत असल्याचा आवाज फोनमधून येत होता.

"हाँ, बिठा दे," नजीरभाई म्हणाले, आणि जॅक मागायला गॅरेजकडे निघाले.