फंडाचा दावा

सांगलीच्या एका ओतकामाच्या कारखान्यात मी लेथवर होतो. दर पगारातून फंड कापला जाई. मालकही आपला वाटा घालून तो फंडाच्या सरकारी कचेरीत भरतात, असं आम्ही धरून चाललो होतो. माझ्या शेजारच्या खोलीत आटपाडीकडचा एक गडी राहायचा, साचे करणारा. वाळूच्या धुळीनं त्याची छाती गेली, काम सुटलं. औषधपाण्यासाठी त्यानं फंड मागितला, तेव्हा कळलं, कित्येक वर्षं कचेरीत पैसाच भरलेला नाही.

आम्ही काही जणांनी मिळून दावा लावला. लगेच मालकाची माणसं घरोघर फिरू लागली. "सही मागं घ्या, काम राहील." एकेक जण गळाला. मी टिकलो तो हिमतीनं नव्हे. मला आधीच काढून टाकलं होतं. माझी बायको भिंतीकडं तोंड करून पडून राहायची.

साचेवाला मात्र हटला नाही. खोकल्याची ढास ओसरली की बायकोकडं बघत मला विचारायचा, "गड्या, मी मेलो तरी हिला मिळंल न्हवं?"

"मिळंल की," मी म्हणायचो. मला काहीच ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्यात तो गेला. पुढच्या तारखेला त्याची बायको कोर्टात उभी राहिली. मालकाच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही त्याची लग्नाची बायको कशावरून?"

ती गांगरली. मग मागच्या बाकावर बसलेल्या मालकाकडं वळून म्हणाली, "आवं मालक, तुमी सोता आमच्या लग्नाला आला हुता. आहेर केलासा. सांगा की ह्यास्नी, मी कोण हाय!"

मालक खिडकीबाहेर बघत राहिले. न्यायाधीशांनी तिला समोर बघायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली.

बाहेर येऊन ती पायरीवर मटकन बसली. "भावजी, आता साक्षीला कुणाला आणू?" एस.टी.च्या भाड्यापुरते पैसे जमवून आम्ही तिला आटपाडीला माहेरी पाठवलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पण तोवर कारखाना विकला गेला होता, मालक गाव सोडून गेले होते आणि नव्या मालकानं हात वर केले. हे सांगायला मी आटपाडीला गेलो. दुष्काळी कामावर ती खडी फोडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पाणी घेता का, भावजी?" एवढंच म्हणाली.

मुकादम ओरडला, तशी तिनं पुन्हा हातोडी उचलली.