पूर्ण वाक्यात सांगा
पणतीच्या पुस्तकात ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ दिसलं, की माझा तळहात अजून चुरचुरतो. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर औरंगाबादेतली आमची उर्दू शाळा मराठी झाली आणि पुण्याकडचे गुरुजी आले. प्रश्नाचं उत्तर त्यांना पूर्ण वाक्यातच लागायचं. नुसतं ‘व्हय’ म्हटलं की निंबाची ओली छडी बसायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझा सुजलेला हात पाहून विचारलं, “काय झालं, बाळ?” गुरुजी मागून डोळे वटारत होते. मी ताठ उभी राहून म्हटलं, “गुरुजींनी छडीने मारल्यामुळे माझा हात सुजला आहे.” साहेब त्यांच्याकडं वळले. “खरं आहे का?” गुरुजी खाली बघत “हो” म्हणाले. मी म्हटलं, “पूर्ण वाक्यात सांगा, गुरुजी.” आता तोंडात दात उरले नाहीत, पण त्या वाक्याची चव अजून गेली नाही.