डाव्या पुडीची कणीक

आमच्या घरी आलेला पखवाज भजनी मंडळाचा होता. नेवाशाजवळच्या आमच्या गावात तशी पद्धत आहे: शिकणाऱ्या मुलाला मंडळ पखवाज घरी नेऊ देते, मात्र तो रोज वाजला पाहिजे. वाजत नसेल, तर तो पुढच्या घरी जातो. माझ्या मुलीने तो हौसेने आणला आणि काही महिने वाजवलाही. मग बोटे दुखू लागली, शाळेतल्या मैत्रिणी हसल्या, आणि पखवाज गवसणीत पडून राहिला.

तिला शिकवणारे बुवा शेतकरी. डेअरीवर दूध घालून परतताना एकदा फाटकाशी थांबले.

“म्याडम, पोरगी बसंना का?”

सांगून पाहिले, समजावून पाहिले, असे मी म्हणाले. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. समजावण्यावर माझा विश्वास आहे.

“सांगून कोन वाजवतंय? आमचा बाप बसायचा, मंग आमी बसायचो. सप्त्यापतूर बघतो, न्हाईतर दुसऱ्या पोराला देऊ.”

पखवाज परत गेला असता, तर मुलीला फारसे वाईट वाटले नसते. मलाच वाटले असते. म्हणून पंचेचाळिशीत मी बसायचे ठरवले. तिचे बोल स्वयंपाक करताना कानावर पडून पाठ झाले होते. मात्र मी बसे ती घरात कोणी नसताना, खिडक्या लावून. उदाहरण घालून देण्यासाठी आरंभलेली गोष्ट मी कोणाला दिसणार नाही अशा बेताने करत होते. ही विसंगती मला कळत नव्हती असे नाही. पण शेजारच्या काकूंच्या कानी पडण्याची भीती तिच्याहून मोठी होती.

पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे चामडे ताणलेल्या तोंडाला, दर वेळी ओली कणीक थापावी लागते. त्याने आवाज खोल होतो. वाजवून झाले की ती खरवडून काढायची. पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा मी त्यासाठी बाजूला ठेवी.

“अलीकडे एक पोळी कमी का पडते?” नवऱ्याने एकदा विचारले. मी पिठाच्या गिरणीला दोष दिला.

एका संध्याकाळी त्याची स्कूटर लवकर वाजली. मी घाईने गवसणी चढवली आणि कणीक तशीच राहिली. दोन दिवसांनी मुलीला गवसणीला उंदराने पाडलेले भोक दिसले. तिने ती उघडली.

“बाबा, पखवाज कोणी वाजवला?”

“माझ्याकडे बघू नकोस. मला आरतीत टाळ्यासुद्धा धड वाजवता येत नाहीत.”

मी मेथी निवडत राहिले.

“आई? कणीक काढायची असते गं. पुडी तडकली असती. आणि इतकी घट्ट कोण लावतं? पोळी लाटायची होती का?”

“मग दाखव ना,” मी म्हणाले. तिने दाखवले नाही. अभ्यास आहे म्हणून निघून गेली.

आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून मी दार उघडे ठेवून बसू लागले. आतल्या खोलीतून अधूनमधून “चुकलं” एवढाच शब्द येई. काकूंनी काही विचारले नाही.

सप्ताहाच्या आदल्या आठवड्यात बुवा आले.

“पोरगी वाजवती का?”

“नाही,” मुलगीच म्हणाली. “आई वाजवते.”

बुवांनी चहाचा कप खाली ठेवला. “वाजवा की मंग.”

मी पखवाज पुढे ओढला. मुलीने कणीक मळून पुडीला लावली, माझ्यापेक्षा सैल. माझा ठेका दोन आवर्तने टिकला आणि तिसऱ्यात सुटला. ती शेजारी मांडीवर थाप देत होती. मी पुन्हा चुकले तेव्हा तिने मला कोपराने सरकवले. “असं,” ती म्हणाली, आणि थांबायचे विसरली.

बुवांनी चहा संपवला. “ऱ्हाऊ द्या ह्यो हितंच. नाव कुनाचं लावू?”

“आईचं.”

“आन तू?”

“तिला येत नाही ना अजून. दाखवायला कोणीतरी लागेलच.”

सप्ताहात शेवटच्या संध्याकाळी मुलगी वाजवायला बसली. मी बायकांमध्ये मागे होते. अजूनही ती रोज मला दाखवायला म्हणून बसते. दाखवता दाखवता जेवणाची वेळ होते, आणि माझी पाळी बहुधा येत नाही. कणीक मात्र मीच लावते, आणि काढतेही.